सुटं सुटं चाला!

मुलांनो, आज आधी मी माझी एक चूक सांगणार आहे. बाईंच्याही चुका होतात बरं का! फक्त त्या कोणी वहीत लाल शाईने दाखवत नाही, एवढाच फरक.

मागच्या १५ ऑगस्टची गोष्ट. आमची शाळा कर्जतच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. प्रभातफेरी गावातून निघते, मग ओढा ओलांडून पलीकडच्या वाडीत जाते. ओढ्यावर लोखंडी साकव आहे. दोन माणसं शेजारी शेजारी चालतील एवढाच रुंद. पाऊस नुकताच उघडला होता आणि ओढा दोन्ही काठ भरून तांबडा वाहत होता. पाचवी ते सातवीची चाळीस मुलं, पुढे झेंडा, मागे मी. आठ दिवस मैदानावर सराव करून घेतला होता, ‘डावा-उजवा, डावा-उजवा’. मुलं अगदी एका तालात चालत होती. मला मनातून फार बरं वाटत होतं.

तशीच आम्ही साकवावर शिरलो.

पुढची मुलं मध्यावर गेली आणि साकव खालीवर व्हायला लागला. आधी थोडासा. मुलांना गंमत वाटली. “बाई, पाळणा!” म्हणून कोणीतरी ओरडलं, आणि सगळ्यांनी पाय आणखी जोरात आपटले. डावा-उजवा, डावा-उजवा. बघता बघता साकव असा उसळायला लागला, की कठडा खडखडू लागला. पाचवीतली एक मुलगी मटकन खाली बसली आणि तिने कठड्याची सळई धरली. माझ्या पोटात गोळा आला. खाली ते तांबडं पाणी!

पलीकडच्या काठावर इरलं घेतलेले एक म्हातारे बाबा उभे होते. ते हात वर करून ओरडले, “ओ बाई, पोरांना थांबवा! सुटं सुटं चालू द्या! एका ठेक्यात नको!”

मी शिट्टी वाजवली. “थांबा! आहात तिथे उभे राहा!” मुलं थांबली. साकव चार-पाच वेळा डुलला आणि शांत झाला. मग मी एकेकाला, पावलं न जुळवता, पलीकडे नेलं. साकव जरासुद्धा हलला नाही.

आता विचार करा. मुलं तीच चाळीस. त्यांचं वजन तेवढंच. साकवही तोच. मग तालात चालल्यावर साकव का उसळला, आणि सुटं चालल्यावर गप्प का बसला? त्या दिवशी झेंडावंदन झालं, खाऊ वाटला, पण हा प्रश्न काही माझ्या डोक्यातून जाईना. शोधत गेले तेव्हा कळलं, की इंजिनिअरिंगमध्ये या एका प्रश्नाभोवती केवढं तरी संशोधन झालेलं आहे, आणि त्यातला एक फार महत्त्वाचा धडा जगाला आपल्या महाराष्ट्रातूनच मिळालेला आहे. आज तेच सांगते.

एसटीची काच

मी खोपोलीला राहते आणि एसटीने कर्जतला येते. तुम्हीही एसटीत बसला असालच. गाडी स्टँडवर उभी असते, इंजिन सुरू असतं आणि खिडकीची काच अशी काही खडखडते, की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मग ड्रायव्हरकाका गाडी हलवतात. इंजिन आता जास्त जोरात चालतंय, खरं तर खडखड वाढायला हवी. पण ही काच एकदम गप्प! आणि मागच्या बाकावरची दुसरीच काच वाजायला लागते. असं का?

उत्तर शोधायला पट्टी घ्या, तीस सेंटीमीटरची, स्टीलची. टेबलाच्या कडेवर घट्ट दाबून धरा, पंचवीस सेंटीमीटर भाग बाहेर ठेवा आणि टोक खाली दाबून सोडा. पट्टी सावकाश थरथरते. आता बाहेरचा भाग कमी करत जा. थरथर जलद होत जाते आणि शेवटी तर ‘टर्रर्र’ असा बारीक आवाज येतो. बाहेरची लांबी निम्मी केली, की कंपनं चौपट जलद होतात. पण एक लांबी पक्की ठेवलीत, तर टोक थोडं दाबून सोडा नाहीतर जास्त दाबून सोडा, पट्टी दर सेकंदाला तेवढीच कंपनं करते. जोरात सोडली तर हेलकावा मोठा होतो, पण ठेका बदलत नाही.

म्हणजे प्रत्येक वस्तूचा स्वतःचा एक ठेका असतो. तो तिच्या वजनावर आणि ताठपणावर ठरतो. जड वस्तूचा ठेका सावकाश, ताठ वस्तूचा जलद. शास्त्रात याला त्या वस्तूची नैसर्गिक वारंवारता म्हणतात. एका सेकंदात एक कंपन म्हणजे एक हर्ट्झ. एसटीच्या प्रत्येक काचेचा, पत्र्याचा, आरशाचा असा आपापला ठेका असतो. इंजिनाचा ठेका ज्या काचेच्या ठेक्याशी जुळेल, ती काच नाचायला लागते. इंजिनाचा वेग बदलला, की ती थांबते आणि दुसरीची पाळी येते.

झोका देताना तुम्ही हेच करता. झोक्यावर धाकटी बहीण बसली आहे. तुम्ही कधी ढकलता? झोका मागे येऊन परत पुढे निघतो, नेमका तेव्हाच ना? एका बोटाने जरी असं वेळेवर ढकलत राहिलात, तरी पाच मिनिटांत झोका आंब्याच्या फांदीला टेकेल. आणि वेळ चुकवून, झोका अंगावर येत असताना ढकललंत, तर पहिलवानाचा जोर लावूनही झोका वाढणार नाही, उलट थांबेल. ठेका जुळला, की लहान लहान धक्के एकावर एक साठत जातात. यालाच अनुस्पंदन किंवा रेझोनन्स म्हणतात.

आता साकवाचं कोडं सुटलं का? माझ्या चाळीस मुलांची पावलं साकवाच्या ठेक्यावर पडत होती. प्रत्येक पावलाने साकवाला झोका दिला. सुटं चालल्यावर एकाचं पाऊल पडलं तेव्हा दुसऱ्याचं उचललेलं होतं. एकाने दिलेला धक्का दुसऱ्याने खोडून काढला.

मॅंचेस्टरचे शिपाई आणि लंडनचा पूल

अशी चूक करणारी मी काही पहिली नाही. इंग्लंडमध्ये मॅंचेस्टरजवळ ब्रॉटन नावाच्या ठिकाणी साखळ्यांवर टांगलेला एक पूल होता. १२ एप्रिल १८३१ या दिवशी चौऱ्याहत्तर शिपाई चार-चारच्या रांगांनी त्या पुलावरून निघाले. पूल पावलांबरोबर डुलतो आहे हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांना मजा वाटली, आमच्या मुलांसारखीच. त्यांनी शीळ घालून ताल धरला आणि पाय आणखी जोरात टाकले. साखळीच्या आधाराचा एक बोल्ट तुटला, पुलाचं एक टोक कोसळलं आणि चाळीसएक शिपाई नदीत पडले. नदीला पाणी कमी होतं म्हणून जीव कोणाचा गेला नाही, पण वीसएक जण जखमी झाले. तेव्हापासून इंग्रजी फौजेत हुकूमच निघाला, की पुलावर पावलं जुळवून चालायचं नाही.

तुम्ही म्हणाल, ते जुन्या काळचे पूल, आता असं थोडंच होतं? तर ऐका. लंडनमध्ये टेम्स नदीवर पायी चालणाऱ्यांसाठी एक नवा कोरा पूल बांधला, नाव मिलेनियम ब्रिज. १० जून २००० या दिवशी तो उघडला. लोकांची ही गर्दी लोटली. कोणी कवायत करत नव्हतं, सगळे आपापले फिरत होते. तरी पूल डावी-उजवीकडे डुलायला लागला! चालताना आपण दर पावलाला थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे ढकलत असतो. पूल किंचित हलला, की माणसं तोल सावरायला पाय फाकवून टाकायची. त्या तोल सावरण्यातूनच पुलाला आणखी धक्का मिळायचा. दोन दिवसांत पूल बंद करावा लागला. मग इंजिनिअरांनी पुलाखाली नव्वदच्या आसपास दमनक बसवले आणि फेब्रुवारी २००२ मध्ये पूल पुन्हा उघडला. आता तो डुलत नाही.

दमनक म्हणजे काय? आमच्या शाळेची घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा टांगलेला तुकडा आहे. हातोडी मारली, की तो किती तरी वेळ घुमत राहतो. पण हात टेकवा, लगेच गप्प. तुमच्या मऊ हाताने त्याची कंपनं शोषून घेतली. वस्तूची कंपनं शोषून विरवून टाकायची, हे दमनकाचं काम. मोटारसायकलच्या चाकाजवळ असतो तो शॉक अ‍ॅब्सॉर्बर म्हणजे दमनकच. तो खराब झाला, की एका खड्ड्यानंतर गाडी चार वेळा उड्या मारते.

कोयनेची पहाट

आता आपल्या महाराष्ट्रातली गोष्ट. माझी आजी सांगायची, “मांडणीवरची भांडी आपोआप खणखणली गो! मला वाटलं, मांजर शिरलं.” मांजर नव्हतं. तो ११ डिसेंबर १९६७ चा दिवस होता, पहाटेचे चार वाजून एकवीस मिनिटं. कर्जतपासून दूर दक्षिणेला, सातारा जिल्ह्यात कोयनानगरला भूकंप झाला होता. साडेसहाच्या आसपास रिश्टरचा. कोयनानगरात घरंच्या घरं पडली. झोपेत असलेली पावणेदोनशेच्या वर माणसं गेली.

आणि तिथे तर कोयनेचं धरण होतं! १०३ मीटर उंच, म्हणजे साधारण तीस मजली इमारतीएवढं. त्यामागे केवढा पाणीसाठा. धरण फुटलं असतं तर? पण धरण उभं राहिलं. आजही उभं आहे. मात्र त्याला आडवे तडे गेले. आणि तडे कुठे गेले, हे पाहून इंजिनिअर चकित झाले.

पाण्याचा जोर सगळ्यात जास्त कुठे असतो? तळाशी. मग तडा तळाशी जायला हवा होता, असं तुम्हाला वाटेल. पण तडे गेले ते वरच्या भागात, माथ्यापासून छत्तीस-सदतीस मीटर खाली. का बरं?

पुन्हा पट्टी घ्या. आता ती उभी धरा, खालचं टोक मुठीत घट्ट. मूठ मागेपुढे झटपट हलवा. पट्टीचा कोणता भाग सगळ्यात जास्त हलतो? वरचा. मूठ जेमतेम बोटभर हलते आणि टोक वीतभर झुलतं. धरणाचंही तसंच झालं. एवढं थोरलं दगड-काँक्रीटचं धरण, पण त्यालाही ठेका आहे! सेकंदाला सुमारे तीन हेलकावे. भूकंपाच्या हादऱ्यांत अनेक ठेके मिसळलेले असतात. त्यांत धरणाच्या ठेक्याशी जुळणारे हादरेही होते. त्यामुळे पायापेक्षा माथा किती तरी जास्त झुलला. त्यात कोयनेच्या धरणाचा आकार असा, की तळाशी रुंद, पुढे निमुळतं आणि एका उंचीवर उतार एकदम बदलून वर सरळ गळ्यासारखं. तडे नेमके त्या गळ्याशी गेले.

धरण बांधताना भूकंपाचा हिशेब केला नव्हता असं मात्र नाही. केला होता. पण त्या काळच्या पद्धतीत असं धरायचे, की भूकंपात धरणाला त्याच्या वजनाच्या विसाव्या भागाएवढा आडवा जोर बसेल, आणि तो वरपासून खालपर्यंत सारख्याच प्रमाणात बसेल. म्हणजे धरण हलत नाही, नुसतं ढकललं जातं, असा हिशेब. त्याच्या ठेक्याचा विचारच त्यात नव्हता. धरणात भूकंप नोंदवणारं यंत्र बसवलेलं होतं. त्या पहाटे त्याने जी नोंद केली, तीत धरणाला आडवा बसलेला हादरा गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ निम्म्याएवढा निघाला. विसावा भाग कुठे आणि निम्मा कुठे!

ही नोंद फार मोलाची ठरली. काँक्रीटच्या मोठ्या धरणाला जोराचा भूकंप बसला, धरणाला तडे गेले आणि हादऱ्याची नोंदही हाती आली, असं जगात क्वचितच घडलं आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठात अनिल चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्याने ही नोंद संगणकात घातली, कोयनेच्या धरणाचा आकार घातला आणि गणित मांडलं. गणितात जास्तीत जास्त ताण आला तो वरच्या भागात, त्या गळ्याशीच! जिथे प्रत्यक्षात तडे गेले होते, तिथेच. १९७३ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. धरणाला स्वतःचा ठेका असतो आणि भूकंपाचा हिशेब त्या ठेक्यासकट करायला हवा, ही गोष्ट कोयनेमुळे जगभरच्या इंजिनिअरांना पटली. आजही जगात कुठेही कोणी नवी गणिताची पद्धत शोधली, की ती आधी कोयनेच्या धरणावर लावून पाहतात. गणितातला तडा खऱ्या तड्याच्या जागी आला, तर पद्धत बरोबर!

कोयनेच्या धरणाची आधी तडे भरून दुरुस्ती झाली आणि मग त्याला पाठीमागून काँक्रीटचे भक्कम टेकू दिले. आजीची भांडी वाजली त्या पहाटेची ही पुढची हकिकत मला शाळेत कोणी सांगितली नव्हती, म्हणून तुम्हाला सांगितली.

ठोकून पाहा, ऐकून पाहा

तुमची आई बाजारात मडकं घेताना काय करते? बोटाने टिचकी मारते. ‘टण्ण’ वाजलं तर चांगलं, ‘भद्द’ वाजलं तर तडकलेलं. टिचकी मारली, की मडकं आपल्या ठेक्यात कंप पावतं. तडा असेल तर ते ढिलं पडतं, त्याचा ठेका मंदावतो आणि कंपनं लवकर विरतात. मडकं न फोडता आईला आतली बातमी कळते.

पूर्वी मोठमोठ्या स्टेशनांवर लांब दांड्याची हातोडी घेतलेला एक माणूस गाडीच्या कडेने प्रत्येक चाक ठोकत जायचा. त्याचंही कामच ते, चाकाचा आवाज ऐकायचा. आपलं कर्जत तर घाटाच्या तोंडाशी. इथून पुढे लोणावळ्यापर्यंतचा बोरघाट १८६३ मध्ये सुरू झाला. चढ एवढा, की सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. म्हणून अनेक गाड्यांना कर्जतला मागून ढकलणारी बँकर इंजिनं जोडतात. असल्या घाटात एखाद्या चाकाला तडा असेल तर काय होईल, सांगायला नको. मडक्याची टिचकी आणि चाकावरची हातोडी, दोन्हीतली युक्ती एकच.

आजचे संशोधक हेच करतात, फक्त कानाच्या जागी यंत्रं असतात. पुलावर, इमारतीवर, यंत्रावर कंपनं मोजणारे संवेदक बसवतात. पुलाचा ठेका दरवर्षी नोंदवून ठेवतात. ठेका मंदावला, की समजायचं, कुठेतरी काहीतरी ढिलं पडलंय, गंजलंय, तडकलंय. डोळ्यांना दिसायच्या आधी हे कळू शकतं.

फिरणाऱ्या यंत्रांचंही असंच. माझ्या खोपोलीत १९१५ साली टाटांचं वीजघर सुरू झालं. घाटमाथ्यावरच्या तलावांचं पाणी मोठाल्या नळांतून खाली येतं आणि यंत्रांची चाकं गरगरा फिरवतं. फिरणाऱ्या कोणत्याही चाकाचं वजन एका बाजूला जराही जास्त असेल, तर दर फेऱ्याला एक धक्का बसतो. धुण्याच्या यंत्रात सगळे कपडे एका बाजूला गोळा झाले, की ते कसं नाचत नाचत मोरीतून बाहेर येऊ पाहतं, बघितलंय ना? चाकाच्या फेऱ्यांचा ठेका त्याच्या दांड्याच्या ठेक्याशी जुळला, तर दांडा वाकू शकतो. म्हणून यंत्र बनवणारे तो वेग आधीच काढून ठेवतात आणि यंत्र त्या वेगावर रेंगाळू देत नाहीत.

असं संशोधन करणाऱ्या संस्था आपल्यापासून लांब नाहीत. घाट चढून गेलं, की पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था आहे, १९१६ पासूनची. तिथे धरणांच्या अभ्यासाबरोबर भूकंप आणि कंपनांचाही अभ्यास चालतो. पुण्यातच गाड्यांच्या संशोधनाची एआरएआय ही संस्था आहे. गाडीचा आवाज आणि थरथर कशी कमी करायची, हे तिथे अभ्यासतात. मोठं झाल्यावर एसटीची काच कायमची गप्प करायची असेल, तर तुम्हाला हेच शिकावं लागेल!

आमच्या साकवाचं पुढे काय झालं?

माझा भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गणपतीत आला तेव्हा त्याला साकव दाखवला. मोबाइलमध्ये हालचाल मोजणारा एक बारीकसा घटक असतो. त्याचा आलेख दाखवणारं अ‍ॅप त्याच्याकडे होतं. त्याने मोबाइल साकवाच्या मध्यावर ठेवला आणि म्हणाला, “मावशी, टाचा वर कर आणि एकदाच आपट. मग हलू नकोस.” मी आपटल्या. पडद्यावर नागमोडी रेघ उमटली, हळूहळू बारीक होत गेलेली. आम्ही लाटा मोजल्या. साकवाचा ठेका निघाला सेकंदाला सव्वादोनच्या आसपास.

दुसऱ्या दिवशी मी मैदानावर मुलांची कवायत घेतली आणि घड्याळ लावून पावलं मोजली. एका मिनिटात १३२. आता ६० ने भागा बरं. २.२! फळ्यावर दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले, तेव्हा वर्ग एकदम गप्प झाला. मग साकवावर मटकन खाली बसलेली ती पाचवीतली मुलगी हळूच म्हणाली, “बाई, आपणच हलवला होता ना त्याला?” मी म्हटलं, “हो. आणि मीच तुम्हाला तसं चालायला शिकवलं होतं.”

इरलंवाल्या बाबांना मी मुद्दाम जाऊन विचारलं, “बाबा, तुम्हाला कसं ठाऊक होतं?” ते हसले. म्हणाले, “आजारी माणसाला डोलीतनं न्यायचं तर साकवावर चौघं एका ठेक्यात चालली की डोली उसळते. आम्ही पाय बदलून टाकतो.” बघा, पुस्तक न वाचता त्यांना जे कळलं होतं, ते डी.एड. झालेल्या मला कळलं नव्हतं.

त्याच वेळी भाच्याला कठड्याचे दोन बोल्ट ढिले दिसले. मुलांनी आपल्या अक्षरात अर्ज लिहिला, आलेख जोडला, खाली चाळीस सह्या केल्या. दोन-तीन खेपा घालाव्या लागल्या, पण बोल्ट आवळून झाले. आणि सातवीच्या मुलांनी पत्र्यावर रंगाने लिहून साकवाच्या दोन्ही टोकांना पाटी लावली आहे. ‘सुटं सुटं चाला. थोडे थोडे चाला.’

‘थोडे थोडे’ हेही तितकंच महत्त्वाचं आहे. सगळेच पूल काही ठेक्यामुळे पडत नाहीत. १५ जून २०२५ ला इंद्रायणी नदीवर तळेगावजवळ कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराखाली कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. म्हणून पावसाळ्यात फिरायला गेलात, तर जुन्या पुलावर गर्दी करू नका, फोटोसाठी थांबू नका आणि पूल हलवून पाहायची गंमत तर मुळीच करू नका. हे आई-बाबांनाही वाचून दाखवा.

आता तुमचं काम. दोन खुर्च्यांच्या मध्ये एक सुतळी आडवी बांधा. तिला चार दोरे टांगा आणि प्रत्येकाच्या टोकाला सारखाच नट किंवा खडा बांधा. दोन दोरे पंचवीस सेंटीमीटरचे, एक त्याहून आखूड, एक लांब. पंचवीसवाल्यांपैकी एकाला झोका द्या आणि हात न लावता बाकीच्या तिघांकडे बघत राहा. कोण हलायला लागतं? आणि पहिला मध्येच थांबतो का? का थांबतो? पंचवीस सेंटीमीटरच्या दोऱ्याला एक पूर्ण हेलकावा घ्यायला किती वेळ लागतो, तेही मोजा. दहा हेलकावे मोजून दहाने भागा, म्हणजे चूक कमी होईल. मग दोरा एक मीटरचा करून पुन्हा मोजा. शेवटी एका नटाऐवजी दोन नट बांधा. ठेका बदलला का? आधी अंदाज वहीत लिहा आणि मगच करून पाहा.

आणि पालकांना एक विनंती. घरात मूल टेबलाच्या कडेला पट्टी धरून ‘टर्रर्र’ वाजवत बसलं असेल, तर लगेच ओरडू नका. पाच मिनिटं वाजवू द्या. सहाव्या मिनिटाला ओरडलात तरी चालेल!

तुमच्या बाई